'गेट' या एका शब्दाचे इतके अर्थ? नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एकेक पायरी

इंग्रजी बोलायला नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणी विचारलं ना की आधी कुठला शब्द पक्का करू, तर मी डोळे झाकून 'गेट' सांगते. सोसायटीचं गेट नाही हं, त्याचं स्पेलिंग वेगळं, हे जी-ई-टी वालं. शाळेत याचा अर्थ 'मिळणे' किंवा 'मिळवणे' असा शिकवतात आणि तो चुकीचा नाहीये, पण तेवढ्यावर थांबलं की पुढे ऑफिसात कुणी 'सॉरी, आय डिडन्ट गेट यू' म्हणतं आणि आपण गोंधळतो, मी याला मिळालो नाही म्हणजे काय? महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी मराठी माध्यमात पाचवीपासून असायचं, पण शब्दार्थ लिहायची पद्धत दोन्ही पिढ्यांची तीच: डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द. खिडकी, आंबा, टेबल यांना ती पद्धत चालते, 'गेट'ला अजिबात चालत नाही.

आणि हा एकटाच तसा नाहीये. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत आली, त्यात सगळ्यात लांबलचक नोंद कुठल्या अवघड शब्दाची नव्हती, ती 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची होती. रन, टेक, पुट, गो हे सगळे याच जातीचे. इंग्रजीत जेवढा शब्द छोटा आणि रोजचा तेवढे त्याचे अर्थ जास्त, असं बऱ्याचदा दिसतं. त्यामुळे एका शब्दावर नीट वेळ घालवला की बाकीच्यांकडे बघायची नजर आपोआप तयार होते, म्हणून हा एवढा मोठा लेख एकाच शब्दावर लिहितेय.

पायरी पहिली: आधी आपला 'लागणे' आठवा

इंग्रजीकडे जायच्या आधी दोन मिनिटं मराठीत थांबा. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. फोन लागला. भाजी तिखट लागली. झाडाला कैऱ्या लागल्या. दिवे लागले. घाटात त्याला गाडी लागते. किती पैसे लागतील? मला जावं लागलं. पोरगं रडायला लागलं.

आता विचार करा, एखादा तमीळ किंवा बंगाली माणूस पुण्यात राहायला आला आणि मराठी शिकायला लागला, तर त्याने 'लागणे' समोर एक अर्थ कसा लिहावा? नाही लिहिता येणार. पण तुम्हाला मात्र यातलं एकही वाक्य अडत नाही, कारण तुम्ही 'लागणे'चा अर्थ लावतच नाही, तुम्ही त्याच्या शेजारी काय बसलंय ते बघता. शेजारी भूक असेल तर एक, फोन असेल तर दुसरा, आधी 'जावं' असेल तर सक्ती, आधी 'रडायला' असेल तर सुरुवात. ही करामत तुम्हाला आधीपासून येते, लहानपणापासून येते. फरक इतकाच की मराठीत बघायचं शब्दाच्या अलीकडे, इंग्रजीत 'गेट'च्या पलीकडे.

पायरी दुसरी: 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा

हाच सगळ्या लेखाचा गाभा आहे त्यामुळे इथे घाई करू नका.

पुढे वस्तू आली, म्हणजे नाम आलं, तर बहुतेक वेळा मिळणे, आणणे, विकत घेणे यातलं काहीतरी. 'आय गॉट अ लेटर' म्हणजे मला पत्र आलं. 'कॅन यू गेट मी सम वॉटर' म्हणजे जरा पाणी आणतोस का. 'व्हेअर डिड यू गेट दॅट साडी' म्हणजे साडी कुठून घेतलीस गं. 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. दाराची बेल वाजल्यावर घरातलं कुणी 'आय विल गेट इट' म्हणालं तर ते काही मिळवणार नाहीये, मी दार उघडते असं म्हणतंय, फोन वाजला असेल तर मी उचलते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण ती कुठल्या गाइडमध्ये मला सापडली नाही आणि ती कळली की अर्धं काम होतं. ही मराठी वाक्यं बघा: मला पत्र आलं, मला नोकरी लागली, मला सर्दी झाली, मला शंभर रुपये मिळाले, मला जोक कळला. आलं, लागली, झाली, मिळाले, कळला, पाच वेगळी क्रियापदं, पण सुरुवात सगळ्यांची 'मला'ने. आपल्याकडे गोष्ट आपल्याकडे चालत येते आणि आपण 'मला' म्हणून जागेवर उभे असतो. इंग्रजी या पाचही ठिकाणी 'आय गॉट' म्हणते. म्हणजे मनात वाक्य 'मला' ने सुरू झालं आणि काहीतरी नवीन तुमच्याकडे आलं असेल तर 'आय गॉट' चालतंय का ते आधी बघा, पुष्कळदा चालतं.

पुष्कळदा, नेहमी नाही! 'मला तो भेटला' याचं 'आय मेट हिम' होतं. बोलताना आपण 'मला पेन भेटला' असंही म्हणतो त्यामुळे भेटणे आणि मिळणे डोक्यात एक झालेत, तर माणसासाठी 'मीट' आणि वस्तूसाठी 'गेट' एवढं ध्यानात ठेवा. 'आय गॉट हिम' म्हटलं तर अर्थ पार वेगळा होतो, मी त्याला पकडला किंवा गाठला. क्रिकेट बघणाऱ्यांना हे सांगायला नको, विकेट पडली की कॉमेंट्रीत 'गॉट हिम!' ओरडतात ते तेच. तसंच 'मला मुलगी झाली' हे 'आय हॅड अ बेबी गर्ल', तिथे गॉट नको.

पुढे विशेषण आलं तर अर्थ 'होणे'. गेट रेडी म्हणजे तयार होणे, गेट ओल्ड म्हातारं होणे, इट्स गेटिंग डार्क म्हणजे अंधार पडायला लागलाय. मराठीत यातल्या खूप गोष्टींना स्वतंत्र एकच क्रियापद आहे: गेट टायर्ड दमणे, गेट वेट भिजणे, गेट अँग्री रागावणे, गेट बोअर्ड कंटाळणे. म्हणजे इंग्रजीत दोन शब्द, आपल्याकडे एक. उलट दिशेने जाताना आपण त्या एका शब्दाला इंग्रजी शब्द शोधत बसतो, 'भिजणे'ला काय म्हणतात, 'दमणे'ला काय म्हणतात, आणि अडकतो. शोधायचं नाही, विशेषण घ्या आणि आधी 'गेट' लावा.

'आय ॲम टायर्ड' आणि 'आय गॉट टायर्ड' यात फरक काय हे बरेच जण विचारतात. पहिलं म्हणजे मी दमलेय, आत्ताची अवस्था. दुसरं म्हणजे मी दमले, ते होण्याची क्रिया. लग्नाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. 'आर यू मॅरिड?' म्हणजे लग्न झालंय का तुमचं. 'व्हेन डिड यू गेट मॅरिड?' म्हणजे लग्न कधी झालं, तो दिवस, ती घटना. 'व्हेन वेअर यू मॅरिड' पण चालतं, पण बोलताना लोक गेटच वापरतात.

याच घरातलं एक वाक्य आपल्याकडे सगळे वापरतात, 'आय ॲम गेटिंग लेट', मला उशीर होतोय. भारतात ते सगळ्यांना कळतं त्यामुळे इथे बिनधास्त बोला, पण लंडन किंवा न्यू जर्सीत असाल तर तिथले लोक 'आय ॲम रनिंग लेट' किंवा 'आय ॲम गोइंग टू बी लेट' म्हणतात. 'इट्स गेटिंग लेट' हे तिथेही चालतं, पण त्याचा अर्थ वेगळा: बराच वेळ झाला आता, रात्र झाली, निघूया.

पुढे जागा आली तर पोहोचणे. 'आय गॉट होम ॲट नाइन', नऊला घरी पोहोचले. 'कॉल मी व्हेन यू गेट देअर', पोचल्यावर फोन कर. जागेच्या आधी 'टू' येतो, 'गेट टू द स्टेशन', पण होम, हिअर आणि देअर या तिघांना 'टू' लावायचा नाही. रस्ता विचारताना 'हाऊ डू आय गेट टू दादर?' म्हणजे दादरला कसं जायचं, आणि इथे 'गो' पेक्षा 'गेट' जास्त नैसर्गिक वाटतं.

पायरी तिसरी: दुसऱ्या क्रियापदासोबत

इथे लोक घाबरतात, पण मराठीत प्रत्येकाला बरोब्बर जोडी आहे, फक्त ती कुणी समोर ठेवत नाही.

'ही गॉट ट्रान्सफर्ड', त्याची बदली झाली. 'शी गॉट पेड', तिचा पगार झाला. 'द थीफ गॉट कॉट', चोर पकडला गेला. म्हणजे आपल्यावर काहीतरी झालं. 'वॉज'ने पण हेच सांगता येतं, पण 'गॉट'मधे बोलीचा सूर आहे आणि बऱ्याचदा अचानक किंवा नको ते घडल्याची छटा असते.

मग येतं आपलं 'करून घेणे'. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे मी केस कापून घेतले, कात्री माझ्या हातात नव्हती. 'गेट द एसी रिपेअर्ड बिफोर एप्रिल' म्हणजे एप्रिलच्या आत एसी दुरुस्त करून घ्या. ऑफिसातलं 'प्लीज गेट इट डन' यातलंच. रचना सोपी आहे, गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आणि ज्याच्याकडून काम करून घ्यायचं तो माणूस सांगायचा असेल तर माणूस आणि 'टू': 'गेट हिम टू साइन द फॉर्म', त्याच्याकडून फॉर्मवर सही करून घे. यात जबरदस्ती नाहीये, थोडं समजावून, थोडं मागे लागून काम काढून घेणं आहे. भाग पाडलं असं म्हणायचं असेल तर 'मेक', आणि 'मेक'ला 'टू' लागत नाही, 'मेक हिम साइन'. 'गेट'ला लागतोच.

आता सगळ्यात नाजूक जागा. ही दोन वाक्यं ऐकायला सख्खी भावंडं आहेत:

'आय गॉट टू मीट हर.'
'आय हॅव गॉट टू मीट हर.'

पहिलं: मला तिला भेटायला मिळालं. आनंद आहे त्यात, संधी मिळाली. दुसरं: मला तिला भेटावंच लागेल. सक्ती आहे. मराठीत हा फरक किती सुरेख दिसतो बघा, 'भेटायला मिळालं' आणि 'भेटावं लागेल', कुणाचाच गोंधळ होणार नाही. इंग्रजीत तो फरक एका 'हॅव'वर उभा आहे आणि तो 'हॅव' बोलताना 'आय'व्ह' असा अर्धा गिळतात, अमेरिकन लोक तर पूर्णच गिळतात आणि 'आय गॉटा गो' म्हणतात, म्हणजे मला जायलाच हवं, निघते. मग ओळखायचं कसं? वेळ बघा. झालेल्या गोष्टीबद्दल बोलत असतील, काल, गेल्या वर्षी, लहानपणी, तर 'मिळालं'. आत्ता किंवा पुढे करायच्या गोष्टीबद्दल असेल तर 'लागेल'. 'ॲज अ चाइल्ड आय गॉट टू सी द सी एव्हरी डे' म्हणजे लहानपणी रोज समुद्र बघायला मिळायचा. 'सॉरी, गॉट टू रन' म्हणजे माफ कर, पळायला हवं. वर्तमानात 'आय गेट टू' आलं तर मात्र बिनधास्त 'मिळतं' समजा, 'आय गेट टू वर्क फ्रॉम होम', घरून काम करायला मिळतं.

'गेट गोइंग' सारखं 'इंग' वालं रूप आलं तर सुरुवात करणे, 'लेट्स गेट गोइंग', चला निघूया. हे फार थोड्या शब्दांबरोबर येतं, यावर वेळ नका घालवू.

पायरी चौथी: 'हॅव गॉट' म्हणजे नुसतं 'आहे'

'आय'व्ह गॉट अ ब्रदर' म्हणजे मला भाऊ आहे. मिळालेला नाहीये, आहे. ब्रिटिश लोकांच्या बोलण्यात हे सारखं येतं, 'हॅव यू गॉट अ पेन?', पेन आहे का. अमेरिकेत बहुतेक 'डू यू हॅव अ पेन' म्हणतात. आणि अमेरिकन माणसाला खरोखर 'मिळालंय' म्हणायचं असेल तर तो 'गॉटन' वापरतो: 'शी हॅज गॉटन अ न्यू जॉब'. भारतात शाळेत 'गेट, गॉट, गॉट' शिकवतात त्यामुळे 'गॉटन' चूक वाटतं, पण ते जुनं इंग्रजी रूप आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. 'फर्गेट'चं 'फर्गॉटन' तर दोन्हीकडे अजून तसंच आहे. मुळात हा 'गेट' शब्दच इंग्रजीत बाहेरून आलाय, स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून, आणि त्याचा इंग्रजीतला आधीचा भाऊबंद 'फर्गेट'च्या पोटात राहिलाय. मला ही गोष्ट फार आवडते, व्हायकिंगांचा शब्द आज पिंपरीतल्या कॉल सेंटरमध्ये दिवसभर बोलला जातो.

पायरी पाचवी: कळणे आणि ऐकू येणे

'आय डोन्ट गेट इट', मला कळत नाहीये. 'गॉट इट', कळलं. 'ही डिडन्ट गेट द जोक', त्याला जोक कळला नाही. आणि फोनवर 'सॉरी, आय डिडन्ट गेट युवर नेम' म्हणजे नाव नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. सुरुवातीला म्हटलं त्या ऑफिसातल्या 'आय डिडन्ट गेट यू'चं उत्तर हेच, समोरच्याला तुमचं बोलणं कळलं नाही, एवढंच. त्यात राग किंवा तक्रार काही नसते, तेच वाक्य थोडं सावकाश, वेगळ्या शब्दांत परत म्हणा.

'आर यू गेटिंग माय पॉइंट?' हे आपल्याकडे मीटिंगमध्ये फार चालतं, माझं मत विचाराल तर थोडं जपून वापरा, मोठ्या माणसाला किंवा क्लायंटला असं विचारलं की उद्धट वाटू शकतं. 'डझ दॅट मेक सेन्स?' जास्त बरं.

पायरी सहावी: शेपटीला लागलेले छोटे शब्द

अप, ऑन, ऑफ, ओव्हर, बाय, थ्रू. यांची लांबच लांब यादी नेटवर मिळते, ती पाठ करू नका, कंटाळून सोडून द्याल. काही तर तुमच्या तोंडात आधीच आहेत, गेट-टुगेदर आपण करतोच, नाटकवाले 'गेटअप' म्हणतातच. बाकीचे मराठीतल्या नेमक्या शब्दाला बांधले की राहतात डोक्यात. मी निवडलेले हे:

'गेट अलाँग' म्हणजे पटणे. 'दे डोन्ट गेट अलाँग', त्यांचं पटत नाही. 'गेट बाय' म्हणजे भागणे, 'वी गेट बाय ऑन वन सॅलरी', एका पगारात भागतं. 'गेट अवे विथ' म्हणजे पचणे, केलेली लबाडी पचली या अर्थाने, 'ही लाइड अँड गॉट अवे विथ इट', खोटं बोलला आणि पचलं त्याला. 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणे, आजारातून, दुःखातून. 'गेट थ्रू' म्हणजे फोन लागणे, शिवाय परीक्षेतून किंवा कठीण काळातून निभावणे. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुमचा रोख कुठे आहे. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे कळवते नंतर. भागणे, पचणे, सावरणे, रोख, यातला एकही शब्द डिक्शनरीत 'गेट' समोर पहिल्या ओळीत दिसणार नाही, पण अर्थ तोच आहे.

गाडीत चढण्या-उतरण्याचं वेगळं सांगायला हवं. बस, ट्रेन, विमान यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा यांना 'गेट इन' आणि 'गेट आउट'. साधी खूण अशी की आत उभं राहून चालता येतं त्याला ऑन-ऑफ, वाकून थेट सीटवरच बसावं लागतं त्याला इन-आउट. बाइक, सायकल, घोडा यांच्यावर बसतो म्हणून तेही ऑन-ऑफ. आपल्याकडे 'आय विल गेट डाउन ॲट ठाणे' म्हणतात, लोकलमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण परदेशात 'गेट ऑफ' म्हणा, तिथे 'गेट डाउन' म्हटलं तर खाली वाक किंवा खाली उतर, झाडावरून, टेबलावरून, असा अर्थ लागतो.

'गेट लॉस्ट'ची एक सूचना. 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे आम्ही वाट चुकलो, अगदी साधं वाक्य. पण कुणाच्या तोंडावर नुसतं 'गेट लॉस्ट!' म्हटलं तर 'चालता हो'. तसंच 'आय विल गेट यू समथिंग' म्हणजे तुझ्यासाठी काहीतरी आणते आणि 'आय विल गेट यू!' म्हणजे बघून घेईन तुला.

पायरी सातवी: एक संवाद सावकाश सोडवून बघू

ऑफिसातले दोन जण बोलतायत असं समजा.

'डिड यू गेट द फाइल?'
'येस, बट आय डिडन्ट गेट द लास्ट पेज.'
'इज इट मिसिंग?'
'नो, इट्स देअर. आय जस्ट डोन्ट गेट द नंबर्स.'
'ओके, आय विल गेट अमित टू एक्सप्लेन. ही गेट्स हिअर ॲट टेन.'
'इट हॅज टू गेट डन टुडे.'
'डोन्ट वरी, वी विल गेट देअर.'

पहिल्या ओळीत फाइल ही वस्तू आहे, म्हणून मिळाली का. दुसरी ओळ मजेशीर आहे, शेवटचं पान मिळालं नाही की कळलं नाही? दोन्ही अर्थ होतात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेला माणूससुद्धा इथे अडतो, म्हणूनच समोरचा विचारतो की पान गहाळ आहे का. म्हणजे असा प्रश्न विचारणं हा तुमच्या इंग्रजीचा कमीपणा अजिबात नाही, भाषेतच ती जागा मोकळी आहे. चौथ्या ओळीत उत्तर मिळतं, पान आहे, आकडे कळत नाहीयेत. पाचवीत माणूस आणि टू, म्हणजे अमितला समजावून सांगायला लावते. लगेच पुढे हिअर, म्हणजे पोहोचणे, तो दहाला येतो. 'गेट डन' म्हणजे काम व्हायला हवं. आणि शेवटचं 'वी विल गेट देअर' यात कुठेही जायचं नाहीये, 'होईल, जमेल आपल्याला' असा धीर आहे. जागा शब्दशः नसली तरी पोहोचण्याचा अर्थ आत आहेच, कामाच्या शेवटाला पोहोचू.

पायरी आठवी: स्वतः वापरताना

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक, 'आय डिडन्ट गॉट'. 'डिड' आला की भूतकाळ त्याने घेतला, पुढे साधं 'गेट'च: 'आय डिडन्ट गेट', 'डिड यू गेट'. ही एक चूक सुधारली तरी तुमचं इंग्रजी एकदम नीटनेटकं वाटायला लागतं, म्हणून आठवडाभर फक्त यावर लक्ष ठेवा.

दुसरं, बोलताना गेट कितीही वापरा, पण अर्ज, ऑफिशियल ईमेल, निबंध यात जरा हात आखडता घ्या. तिथे 'आय गॉट युवर लेटर' ऐवजी 'आय रिसीव्हड युवर लेटर', 'गेट परमिशन' ऐवजी 'ऑब्टेन परमिशन', 'गेटिंग वर्स' ऐवजी 'बिकमिंग वर्स'. व्हॉट्सॲपवर उलटं, तिथे 'ऑब्टेन' लिहिलं तर कागदी वाटतं.

वहीत काय लिहायचं? नुसता शब्द नाही, पूर्ण वाक्य, आणि समोर मराठी अर्थ सुद्धा पूर्ण वाक्यात, तुम्ही घरी जसं बोलता तसं. 'आय गॉट ड्रेंच्ड' समोर 'पार भिजले गं मी' असं. डिक्शनरी साधी इंग्रजी-मराठी न घेता शिकणाऱ्यांसाठीची घ्या, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांच्याही नेटवर फुकट बघायला मिळतात. ऑक्सफर्डवाल्या डिक्शनरीची मुळं जपानात आहेत. ए. एस. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवायचे, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली जपानात छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. शिकणाऱ्याला नुसता अर्थ देऊन भागत नाही, क्रियापदाच्या पुढे काय येऊ शकतं ते साचे द्यायला हवेत, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्या डिक्शनरीत 'गेट' उघडलं की अर्थाआधी बारीक अक्षरात साचा दिसतो, पुढे नाम येतं का, विशेषण येतं का, टू येतो का. आपण वर जे केलं तेच. ती बारीक अक्षरं सोडून वाचू नका.

पायरी नववी: करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, उत्तरं झाकून.

'शी नेव्हर गेट्स टू सिट डाउन.'
'हाऊ डिड यू गेट हिम टू अग्री?'
'आय ट्राइड ऑल मॉर्निंग बट कुडन्ट गेट थ्रू.'
'द किड्स गेट बोअर्ड बाय फाइव्ह.'
'आय कान्ट गेट द लिड ऑफ.'

पहिलं, तिला कधी बसायला मिळतच नाही. वर्तमानातला 'गेट टू', संधीचा. दुसरं, त्याला कसं काय तयार केलंस? माणूस आणि टू आलाय. तिसरं, सकाळभर प्रयत्न केला पण फोन लागला नाही. चौथं, पाच वाजेपर्यंत पोरं कंटाळतात, इथे विशेषण आहे. पाचव्यात थोडी नवी गंमत आहे, 'गेट' आणि 'ऑफ' यांच्या मधे झाकण येऊन बसलंय आणि त्यामुळे पहिल्यांदा वाचताना झाकण मिळत नाहीये असं वाटतं. अशी वाक्यं आली की मधली वस्तू क्षणभर उचलून बाजूला ठेवा आणि दोन तुकडे जोडून वाचा, 'गेट ऑफ', निघणे, आणि मग निघत काय नाहीये तर झाकण: झाकण निघतच नाहीये माझ्याच्याने.